मुंबईची गोळी, आफ्रिकेतला पेशंट, अमेरिकेचे पैसे: एका मदतीची पूर्ण केस

श्रीमंत देशांनी गरीब देशांना मदत करावी का, यावर आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाद निघाला की तो पाच मिनिटांत 'माणुसकी आहे की नाही' नाहीतर 'सगळे पैसे तिकडचे नेते खातात' यातल्या एका टोकाला जातो, मग डबे बंद होतात आणि सगळे उठतात. म्हणून इथे एकच केस घेऊन बसलोय, एचआयव्हीच्या गोळ्यांची. यात रोगाचा सगळ्यात मोठा मार आफ्रिकेवर, पैसे बरेचसे अमेरिका-युरोपचे आणि माल मात्र आपल्याकडचा, त्यातही मोठी उडी मुंबई सेंट्रलच्या एका कंपनीने मारलेली. देणारा कोण, घेणारा कोण आणि मधे वाट अडवून कोण उभं होतं, हे सगळं एकाच ठिकाणी दिसतं.

मी अंधेरी ईस्टला एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशनचं काम करतो. शिपिंग बिल, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, दिवसभर हेच. फार्माचा माल बराच असतो आणि त्यात या गोळ्यांचे लॉट नेहमीचे. पांढरी प्लास्टिकची बाटली, झाकणाखाली सील, आत सिलिका जेलची पुडी आणि ३० नाहीतर ९० गोळ्या. लेबलवर तीन नावं, टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिवुडिन ३००, डोलुटेग्राव्हिर ५०. मोझांबिकला जाणार असेल तर आतलं माहितीपत्रक पोर्तुगीजमध्ये, काँगोला जाणार असेल तर फ्रेंचमध्ये. दिवसाला एक गोळी, जन्मभर. कागदावर गंमत अशी की माल उतरवून घेणारा एक, गोळी खाणारा दुसरा आणि बिल भरणारा भलताच तिसरा. २०२३ मध्ये ग्लोबल फंडाने, म्हणजे एड्स, टीबी, मलेरियासाठी देशोदेशींचे पैसे गोळा करून वाटणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीने, या गोळीचा जो भाव जाहीर केला तो माणशी वर्षाला ४५ डॉलरच्याही थोडा खाली होता, म्हणजे आपले चार हजार रुपयेसुद्धा नाही. मुंबईत एवढ्यात एका माणसाचा वर्षभराचा वडापाव-चहा निघत नाही.

आधी भाव काय होता

१९९६ च्या आसपास लक्षात आलं की तीन औषधं एकत्र दिली की एचआयव्ही आटोक्यात राहतो. अमेरिका-युरोपात अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामाला लागली. भाव होता माणशी वर्षाला १० ते १५ हजार डॉलर. त्याच काळात बोट्स्वानासारख्या देशात मोठ्या माणसांपैकी साधारण चारात एकाला लागण, सरासरी आयुर्मान घसरत पन्नाशीच्या आसपास आलेलं, शिक्षक, नर्सा, शेतात राबणारे लोक, सगळे ऐन कमावत्या वयात जातायत आणि मागे म्हातारे आजी-आजोबा आणि नातवंडं. या लोकांना १० हजार डॉलरचं औषध सांगणं म्हणजे चेष्टाच.

आता हा भाव काही आभाळातून पडला नव्हता. १९९५ ला डब्ल्यूटीओ म्हणजे जागतिक व्यापार संघटना आली, तिच्याबरोबर ट्रिप्स नावाचा करार आला, त्याप्रमाणे औषधावर २० वर्षांचं पेटंट सगळ्याच सदस्य देशांनी द्यायचं. गरीब देशांना थोडी मुदत दिली, भारताला २००५ पर्यंत. हा करार कोणाच्या आग्रहाने आला हे गुपित नाहीये, अमेरिका, युरोप, जपान. दक्षिण आफ्रिकेने १९९७ ला कायदा केला की बाहेरून स्वस्त औषध आणता येईल, तर १९९८ मध्ये औषध कंपन्यांनी तिथल्या सरकारला कोर्टात खेचलं, पुढे त्या दाव्यात ३९ कंपन्या होत्या आणि प्रतिवादींच्या यादीत राष्ट्राध्यक्ष म्हणून चक्क मंडेला. वरून अमेरिकेच्या व्यापार खात्याने दक्षिण आफ्रिकेला वॉच लिस्टवर, म्हणजे पेटंटच्या बाबतीत नजर ठेवायच्या देशांच्या यादीत, टाकलं. म्हणजे ज्या देशाला मदत करायची त्याचं आधी नाक दाबून ठेवायचं. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि मदतीच्या चर्चेत नेमकी हीच गाळली जाते, सगळे चेक किती रकमेचा एवढंच बघतात.

मुंबई सेंट्रल

सिप्ला १९३५ ची, ख्वाजा अब्दुल हमीद यांनी काढलेली, १९३९ मध्ये गांधीजी येऊन गेले होते तिथे. पण या केसमध्ये खरा टर्निंग पॉइंट म्हणजे १९७० चा पेटंट कायदा, जो १९७२ पासून लागू झाला. न्यायमूर्ती अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालातून तो निघाला. त्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, फक्त बनवायच्या पद्धतीवर, आणि तेही थोड्या वर्षांपुरतं. म्हणजे तुम्ही वेगळ्या पद्धतीने तोच रेणू बनवलात तर कोणी अडवू शकत नाही. पाताळगंगा, कुरकुंभ, तारापूर, हैदराबादच्या बाजूचे प्लँट, सगळा धंदा या एका कलमावर वाढला. पुढे कोणी विचारलं की भारताने स्वस्त औषधं कशी बनवली तर उत्तर 'आपले केमिस्ट हुशार' एवढंच देऊ नका, केमिस्ट हुशार होतेच पण कायद्याने त्यांना हात चालवू दिला.

फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे प्रमुख युसूफ हमीद यांनी जाहीर केलं की तीन औषधांचा कोर्स 'मेदसँ सां फ्राँतिएर' या डॉक्टरांच्या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरला देऊ, सरकारांना ६०० ला. दिवसाला एक डॉलरसुद्धा नाही. त्याआधी सप्टेंबर २००० मध्ये ब्रसेल्सला युरोपियन कमिशनच्या बैठकीत त्यांनी ८०० डॉलरची ऑफर दिली होती, आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून लागणारं नेव्हिरापिन फुकट देऊ म्हणाले होते, टेक्नॉलॉजीपण देऊ म्हणाले होते, आणि तेव्हा फारसं कोणी हललं नव्हतं. पण ३५० चा आकडा अमेरिकेच्या पेपरात पहिल्या पानावर आल्यावर मात्र बोभाटा झाला. कंपन्या म्हणाल्या ही चाचेगिरी आहे. तिन्ही औषधं एकाच गोळीत घालणं अमेरिकेत जमत नव्हतं कारण तिथे तिघांचे मालक वेगवेगळे, इकडे सिप्लाने ट्रायोम्यून नावाने एकच गोळी केली, सकाळी एक संध्याकाळी एक. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ३९ कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेवरचा दावा मागे घेतला, लाज वाटली म्हणा किंवा बदनामी परवडेना म्हणा. नोव्हेंबरात दोहाला डब्ल्यूटीओने मान्य केलं की सार्वजनिक आरोग्यासाठी देश पेटंटला वळसा घालू शकतात.

आणि तरी औषध पोचलं नाही

इथे बरेच लोक गोष्ट संपवतात, 'भारताने जगाला वाचवलं' वगैरे फॉरवर्ड फिरतात. थांबा जरा. याच सिप्लाने ९० च्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबादच्या आयआयसीटी या सरकारी रसायन संशोधन संस्थेत विकसित झालेल्या पद्धतीने एझेडटी बनवलं होतं, तेव्हाचं एचआयव्हीचं मुख्य औषध, परदेशातल्या भावापेक्षा कितीतरी स्वस्त. पण खपलं नाही. पेशंटला तो भावसुद्धा परवडत नव्हता, आणि सरकारकडे जो काही पैसा होता तो सगळा प्रतिबंधावर, जाहिराती, निरोध, रक्ततपासणी यावर, उपचाराला छदाम नाही. हमीद यांनी नंतर सांगितलंय की माल शेवटी टाकून द्यावा लागला. म्हणजे औषध आहे, स्वस्त आहे, आपल्याच शहरातल्या कंपनीचं आहे, कामाठीपुऱ्यापासून चालत जायच्या अंतरावर कंपनीचं ऑफिस आहे, आणि तरी घ्यायला कोणी नाही कारण ऑर्डर द्यायला पैसे नाहीत.

त्यामुळे '३५० डॉलर' हीसुद्धा ज्या माणसाची कमाई दिवसाला एक-दोन डॉलर आहे त्याच्यासाठी फक्त बातमी होती. कायदा आणि स्वस्त भाव यानंतरचा तिसरा तुकडा म्हणजे पैसा, तो पडला जानेवारी २००२ ला, ग्लोबल फंड सुरू झाला, आणि मग २८ जानेवारी २००३ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आपल्या वार्षिक भाषणात पेपफार ही एचआयव्हीसाठीची मदत योजना जाहीर केली, पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर. त्याच भाषणात ते म्हणाले की औषधाचा वर्षाचा खर्च १२ हजार डॉलरवरून ३०० च्या खाली आलाय. तो कोणी आणला ते काही बोलले नाहीत, असो.

पैसा ठरलेला, दरवर्षी येणारा आणि मोठा, त्यामुळे पुढे काय झालं तर हैदराबादच्या हेटेरो, ऑरोबिंदो, आमच्या अंधेरीतली मॅक्लिओड्स, सगळे उतरले. ऑर्डर पक्की म्हटल्यावर प्लँट मोठे झाले, कच्च्या मालाचा भाव पडला, एकमेकांत टेंडरला मारामारी, आणि ३५० चे ४५ झाले. फ्रान्सने विमानाच्या तिकिटावर छोटा कर लावला, २००६ ला त्यातून युनिटएड नावाची संस्था उभी राहिली, ब्राझील, चिली, नॉर्वे, ब्रिटन सोबत, तिने मुलांच्या डोसच्या औषधांचा बाजार तयार केला, कारण श्रीमंत देशांत एचआयव्ही घेऊन जन्मणारी मुलं फार उरलीच नव्हती, मग त्यांच्यासाठी औषध बनवणार कोण.

आकडे सांगायचे तर २००४ च्या सुमारास जगात वर्षाला साधारण २० लाख लोक एड्सने मरत होते, २०२३ ला ६ लाख ३० हजार. उपचारावर असलेले लोक आता तीन कोटींच्या वर. पेपफारवर अमेरिकेने १०० अब्ज डॉलरच्या वर खर्च केला आणि अडीच कोटी जीव वाचवले असा त्यांच्या सरकारचा दावा आहे. हिशोब कमी-जास्त करा हवं तर, पण एका रोगासाठी एवढं काम पैशाने झालंय अशी उदाहरणं फार सापडत नाहीत.

आपण कुठल्या बाजूला होतो

आपण दोन्हीकडे होतो. १९९२ ला नॅको, म्हणजे आपलं राष्ट्रीय एड्स नियंत्रण खातं, सुरू झालं ते जागतिक बँकेच्या सुमारे ८४ दशलक्ष डॉलरच्या सवलतीच्या कर्जावर. १ एप्रिल २००४ ला सरकारने फुकट एआरटी, म्हणजे याच गोळ्यांचा उपचार, चालू केली, पहिल्या टप्प्यात देशभरातली आठ सरकारी हॉस्पिटलं, त्यात आपलं जेजे. पुढे ग्लोबल फंडाचे पैसे त्यात आले. त्याआधी मुंबईतला पेशंट महिन्याला स्वतःच्या खिशातून गोळ्या घ्यायचा, पगार झाला की घ्यायचा, नाही झाला की बंद, आणि हे औषध मधेच बंद केलं की रेझिस्टन्स तयार होतो, मग ते लागू पडत नाही. आज जेजे, केईएम, सायनला एआरटी सेंटरवर हिरवं कार्ड घेऊन बसलेली माणसं बघितली की कोणाला वाटणारही नाही की इथे कधी परदेशी पैसा लागला होता. आता तो खर्च जवळपास सगळा आपणच उचलतो. मदत सुरू होते आणि मग तिची गरज संपते, असं होऊ शकतं, त्याचं उदाहरण लांब शोधायला नको. दक्षिण आफ्रिकेनेही तेच केलं, तिथल्या एचआयव्ही बजेटमधला पेपफारचा वाटा अलीकडे १७ टक्क्यांच्या आसपास होता, गोळ्या बहुतेक स्वतःच्या पैशाने.

जे चुकलं ते

पेपफार म्हणजे काही संतमंडळी नव्हे. सुरुवातीला भारतीय जेनेरिक घ्यायलाच तयार नव्हते, आधी अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी आणा म्हणाले, ती वाट २००४ ला उघडली, आणि तोवर त्यांच्याच कंपन्यांचा ब्रँडेड माल त्यांच्याच टॅक्सच्या पैशातून. दिल्या हाताने परत घेतल्यासारखं. दुसरं, प्रतिबंधाच्या पैशातला एक तृतीयांश हिस्सा 'लग्नापर्यंत संयम' या प्रचारावर खर्च करायची कायद्यातच अट होती.

तिसरी अट तर थेट महाराष्ट्रात येऊन आदळली. पैसे घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं लिहून द्यायचं. सांगलीची संग्राम संस्था, जी वेश्या व्यवसायातल्या बायकांबरोबरच काम करते, त्या बायकाच तिथे निरोध वाटतात, एकमेकींना दवाखान्यात नेतात, तिने २००५ मध्ये हे पैसे नाकारले. बरोबरच केलं. ज्या बाईच्या दारात जायचंय तिच्याच धंद्याविरुद्ध सही करून तिच्या दारात कुठल्या तोंडाने जाणार? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१३ ला ही अट त्यांच्या स्वतःच्या संस्थांपुरती रद्द केली, बाहेरच्या संस्थांना ती लागूच राहिली.

पैसे खाण्याचं म्हणाल तर तेही झालं. २०११ ला ग्लोबल फंडाच्या काही देशांतल्या अनुदानात गैरव्यवहार बाहेर आले, जर्मनी, स्वीडनने हप्ते रोखले. पण हे पकडलं फंडाच्याच ऑडिटवाल्यांनी, आणि तेव्हाही गोळ्यांच्या खरेदीपेक्षा ट्रेनिंग, प्रवासभत्ता असल्या खर्चांत जास्त हात मारला जात होता. मला कामाच्या अनुभवावरून विचाराल तर बॅच नंबर, एक्स्पायरी आणि कार्टनची संख्या लिहिलेल्या मालात चोरी करणं अवघड असतं, 'जनजागृती कार्यशाळा' नावाच्या बिलात सोपं. आणि आफ्रिकन सरकारांनाही सूट द्यायचं कारण नाही, एप्रिल २००१ ला अबुजात त्यांनीच ठरवलं होतं की बजेटचे १५ टक्के आरोग्यावर घालू, बहुतेकांनी घातले नाहीत.

मग द्यायचंच कशाला

आमचे एक सिनियर काका नेहमी म्हणतात, 'अरे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, त्यांच्या रस्त्यावरपण बेघर झोपतात की.' काकांना मी एवढंच सांगतो की आडात भरपूर आहे. अमेरिकेची सगळी परदेशी मदत मिळून तिथल्या सरकारी खर्चाच्या एक टक्क्याच्या आसपास होती. १९७० ला संयुक्त राष्ट्रांत ठरलं की श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के द्यावेत, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे मोजके देश तिथवर जातात, अमेरिका गेल्या काही दशकांत पाव टक्क्यालाही क्वचित पोचलीय.

'रोग सीमा ओळखत नाही, म्हणून स्वतःच्या स्वार्थासाठी तरी द्या' हा मुद्दा मला अर्धाच पटतो. खरा असता तर कोविडच्या वेळी दिसला असता. ऑक्टोबर २०२० ला भारत आणि दक्षिण आफ्रिकेने डब्ल्यूटीओत मागणी केली की लस-औषधांवरची पेटंट तात्पुरती बाजूला ठेवा, युरोप, ब्रिटन, स्वित्झर्लंड अडून बसले, आणि जून २०२२ ला जे काही मंजूर झालं ते इतकं पातळ होतं की वरातीमागून घोडं म्हणायचीही सोय नाही. स्वार्थ कळतो पण वळत नाही.

माझ्या दृष्टीने द्यायचं कारण यापेक्षा साधं आहे. बाजाराचे नियम ज्यांनी लिहिले, त्या नियमांमुळे ज्यांच्या घरी दहा-वीस वर्षं रॉयल्टी गेली, त्यांनी त्याच नियमामुळे ज्याला औषध परवडत नाही त्याच्या बिलात वाटा उचलायचा. हा हिशोब झाला, उपकार नाही. आणि क्रमही महत्त्वाचा, आधी वाट मोकळी करा, मग पैसे द्या. नुसते पैसे दिले तर ते तुमच्याच कंपन्यांकडे परत जातात, नुसती वाट मोकळी केली तर माल एझेडटीसारखा गोडाऊनमध्ये पडून राहतो. आणि पैसा दरवर्षी येणारा हवा, कारण ही गोळी जन्मभराची आहे.

२०२५

तो शेवटचा मुद्दा २० जानेवारी २०२५ ला सगळ्यांना कळला. ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी परदेशी मदत ९० दिवस थांबवायचा आदेश काढला. जीव वाचवणाऱ्या कामांना सूट आहे असं थोड्या दिवसांत सांगितलं, औषधांना परवानगी, पण गोळी बंदरापासून गावापर्यंत नेणारा ड्रायव्हर, रजिस्टर लिहिणारी बाई, रक्त तपासणारा लॅबवाला यांचे पगार त्याच पैशातून होते, ती माणसं घरी गेली. १ जुलैला यूएसएड हे परदेशी मदत वाटणारं खातंच बंद करून टाकलं. आमच्याकडे त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ईमेलांचा पाऊस, हा लॉट होल्डवर ठेवा, तो सोडा, कन्साइनी म्हणजे माल घेणारा बदला, पुन्हा होल्डवर ठेवा. औषधाला एक्स्पायरी असते, ती ९० दिवसांच्या रिव्ह्यूसाठी थांबत नाही. यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्सवरच्या संस्थेने म्हटलंय की हा पैसा कायमचा गेला आणि जागा कोणी भरली नाही तर २०२९ पर्यंत ६० लाख जास्तीच्या लागणी आणि ४० लाख जास्तीचे मृत्यू.

आणि नेमक्या याच वेळी लेनाकापाव्हिर आलंय. वर्षातून दोन इंजेक्शनं, लागण होऊच नये म्हणून. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण मुलींवर जी चाचणी झाली तिच्यात हे इंजेक्शन घेणाऱ्या दोन हजारांहून जास्त जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. जून २०२५ ला अमेरिकेत मंजुरी मिळाली, भाव वर्षाला २८ हजार डॉलर. मूळ कंपनीने सहा जेनेरिक कंपन्यांना १२० देशांसाठी परवाना दिलाय, सप्टेंबरमध्ये डॉ. रेड्डीज आणि हेटेरो दोघांच्या बाजूने जाहीर झालं की २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरला मिळेल. या वेळी भांडण न करता परवाना मिळाला, ही २००१ च्या मारामारीची कमाई. पण ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको, पेरू, जिथल्या लोकांनी याच औषधाच्या दुसऱ्या चाचणीत भाग घेतला, ते या १२० मध्ये नाहीत, मध्यम उत्पन्नाचे म्हणून. आणि ग्लोबल फंड व अमेरिका मिळून तीन वर्षांत २० लाख लोकांपुरता माल घ्यायचं २०२५ मध्ये म्हणत होते, तर जगात नवीन लागणी वर्षाला १३ लाख होतात, त्यामुळे हैदराबादच्या प्लँटमध्ये मशीन किती लावायची हे वॉशिंग्टनमध्ये खरेदीचा आकडा काय ठरतो त्यावर अडलंय.